मदत हवी: पोरांना जमीन मोजणी शिकवायला जुनं टोटल स्टेशन (कोन नि अंतर मोजायचं यंत्र) विकत घ्यावं का भाड्याने?

राम राम मंडळी. मी पाचोऱ्याकडचा, आयटीआय सर्व्हेअर केलंय, रस्त्याच्या कामावर असतो. आमच्याकडे भूमी अभिलेखमधून रिटायर झालेले एक भूकरमापक आहेत, सगळे आप्पा म्हणतात. बारावी होऊन घरी बसलेल्या पोरापोरींना ते रविवारी शेतात नेऊन फुकट मोजणी शिकवायचे, त्यांच्यामुळेच आम्ही या लाईनीत आलो, कोणी फागणे-तरसोद चौपदरी रस्त्याच्या कामावर लागलं, कोणी साक्रीकडे सोलरच्या साईटवर, आणि एक पोरगी भूकरमापकाची परीक्षा पास झाली, तिच्या घरच्यांना समजवायला आप्पा स्वतः गेले होते.

यंत्राला लगेच हात लावू द्यायचे नाहीत. "आधी बांधवर चालाले शिक, मंग यंत्र." सुरुवात 33 फुटी साखळीने, 16 आण्याची म्हणजे 16 भागांची, एक साखळी लांब एक साखळी रुंद म्हणजे 1089 चौरस फूट, एक गुंठा, हे पायाने मोजलं की पोरगं कधी विसरत नाही. मग जुनं टिपण (आधीच्या मोजणीची नोंद) नि गट नकाशा वाचायचा, हद्दीचा दगड हुडकायचा, आणि भाऊबंदकीच्या बांधावर उभं असताना तोंडाने निकाल द्यायचा नाही, फक्त माप लिहायचं. हे शेवटचं तर मला आयटीआयतही कोणी शिकवलं नव्हतं.

आता आप्पांचे गुडघे साथ देत नाहीत म्हणून रविवारची बॅच आम्ही जुनी पोरं चालवतो. पण आमच्याकडे फक्त ऑटो लेव्हल आहे, त्यावर उंचीचा फरक कळतो, गटाचे कोपरे कसे घेणार? साईटवाले पहिलंच विचारतात टोटल स्टेशन येतं का. हल्ली सरकारी मोजणी रोव्हरवर (उपग्रहावरून जागा घेणाऱ्या यंत्रावर) होते हे माहितीये, पण केळीच्या दाट बागेत रोव्हरला फिक्स, म्हणजे अचूक जागा, मिळता मिळत नाही, म्हणून माझ्या मते टोटल स्टेशन आधी आलंच पाहिजे.

तर जुनं मशीन घेताना दोन्ही फेसचं रीडिंग (दुर्बीण सरळ नि उलटी करून), प्रिझम कॉन्स्टंट (प्रिझमपायी अंतरात करायची दुरुस्ती) नि बॅटरी सोडून अजून काय तपासावं? जळगाव, धुळे किंवा नाशिकला फक्त रविवारपुरतं कोणी भाड्याने देतं का, साधारण काय घेतात? नकाशा काढायला क्यूजीआयएस फुकट आहे म्हणून तेच शिकवतोय, पण साईटवर ऑटोकॅडच मागतात, मग दोन्ही सोबत शिकवलं तर पोरं गोंधळतील का? आणि कोणाकडे स्वतःचा रोव्हर असेल तर एक रविवार या ना भाऊ, जाण्यायेण्याचं नि जेवणाचं आम्ही बघतो.