कॉर्डरॉयची पँट: एक पाय गडद, एक फिका का दिसतो?

प्रश्न: १४ वेलच्या (इंचाला १४ उभ्या रेघा) कॉर्डरॉयची पँट शिवली. एकाच ताग्यातलं कापड, तरी डावा पाय फिका दिसतो. शिवताना वरचा थरही सरकत होता. इस्त्रीने मांडीवर चकाकी आली ती वेगळीच.

उत्तर १: एक पाय उलटा बेतला गेलाय. बाण्याचे (आडवे) जादा तरंगते धागे कापून कॉर्डरॉयची लव, म्हणजे वरचे मऊ तंतू, उभी करतात, आणि ती एकाच दिशेला झुकते. हात फिरवा: गुळगुळीत लागेल ती लवेची दिशा. लवेची दिशा वर, कमरेकडे ठेवली तर रंग गडद दिसतो, खाली ठेवली तर फिका, पण झीज कमी. कुठलीही निवडा, सगळे भाग मात्र एकाच दिशेने. त्यासाठी पाव मीटर कापड जास्त घ्या. आता तो पाय नव्याने कापण्याशिवाय इलाज नाही.

उत्तर २: समोरासमोरच्या लवा एकमेकींना ढकलतात, म्हणून थर सरकतो. आधी कच्चा टाका घाला, मशीनच्या फूटचा (कापड दाबणाऱ्या पट्टीचा) दाब कमी करा, टाका ३ मिमी, सुई १४ नंबर. शिलाई लवेच्या दिशेनेच मारा. कमरपट्टीची आतली बाजू साध्या सुती कापडाची करा, नाहीतर जाड गठ्ठा होतो.

उत्तर ३: चकाकी म्हणजे लव चेपली. सुलट बाजू टॉवेलवर पालथी ठेवून वाफ द्या, इस्त्री टेकवू नका, ओलसर असतानाच ब्रश फिरवा. लव जळली असेल तर मात्र उठणार नाही.

वेल म्हणजे एका इंचातल्या उभ्या रेघा. ८ची जाड, कोटाला बरी. २१ची बारीक, शर्टाला. इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये पूर्वी लवेसाठीचे ते तरंगते धागे लांब टेबलांच्या कडेने चालत हाताने, सुरीने कापत.