मदत हवी आहे: लेकीला अमेरिकेत कॉलेज टेनिसची कोच व्हायचंय, ग्रॅज्युएट असिस्टंट घ्यावी की क्लबची नोकरी?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या कॉलेज स्पोर्ट्सची आतून माहिती असलेलं कुणी इथे असेल तर मार्गदर्शन हवं आहे.

मुलगी बालेवाडीच्या कोर्टांवर खेळत मोठी झाली. आता टेनिस स्कॉलरशिपवर डिव्हिजन टूच्या (कॉलेज स्पोर्ट्सच्या दुसऱ्या श्रेणीतल्या) एका कॉलेजात आहे, विषय किनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र), मे महिन्यात पदवी मिळेल. प्रोफेशनल खेळायचं नाही हे तिने ठरवलंय. तिला कोचच व्हायचंय, तेही कॉलेजच्या टीमची.

हे चार दिवसांचं खूळ नाही. मागच्या सीझनला खांदा दुखावल्यामुळे ती बाहेर होती. तिथे डबल्सच्या ३ मॅचेस मिळून १ गुण, सिंगल्सचे ६, आणि आधी ४ गुण घेणारी टीम जिंकते. सहा कोर्टांवर एकदम सिंगल्स चालू झाल्या की कोच मंडळींची नुसती धावपळ. म्हणून हिला वही देऊन पाचव्या कोर्टाशी बसवलं: समोरच्या मुलीची प्रत्येक सर्व्ह कुठे पडते ते टिपायचं. या मॅचेसमध्ये ड्यूसनंतर (४०-४० झाल्यावर) अ‍ॅडव्हान्टेज नसतो, एकाच गुणावर गेम जातो आणि सर्व्ह कुठल्या बाजूला घ्यायची हे रिसीव्हर ठरवतो. वहीत दिसलं की डाव्या बाजूला त्या मुलीची सर्व्ह जवळपास दर वेळी बॅकहँडवरच येते, म्हणजे त्या एका गुणाला ती बाजू निवडली की सर्व्ह कुठे येणार हे आधीच कळतं. हिने ते कोचना दाखवलं, त्यांनी चेंजओव्हरला (बाजू बदलताना) आपल्या खेळाडूला सांगितलं. स्वतः जिंकल्यावर कधी बोलली नसेल एवढं ती त्या रात्री फोनवर बोलत होती.

आता दोन पर्याय समोर आहेत. एका छोट्या कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट (मास्टर्स करता करता टीमच्या कोचला मदत): मास्टर्सची फी माफ, वर थोडा स्टायपेंड. दुसरीकडे एका क्लबमध्ये शिकवायची नोकरी, पैसे बरेच जास्त. तिच्या बाबांचा कल क्लबकडे आहे. मला वाटतं, हेड कोच व्हायचं तर कॉलेज सोडू नये. जॉर्जिया विद्यापीठाचे मॅन्युएल डियाझ तिथेच खेळले, डॅन मॅगिल यांच्या हाताखाली असिस्टंट झाले आणि १९८८ मध्ये हेड कोच. पण तो काळ वेगळा होता. २०२० मध्ये मिनेसोटा आणि आयोवासारख्या मोठ्या विद्यापीठांनी पुरुषांच्या टेनिस टीम बंद करायचं ठरवलं, हे वाचल्यापासून माझा जीव धास्तावलाय.

असिस्टंट नेमताना नेमकं काय बघतात? पीटीआरसारख्या टेनिस कोचिंगच्या सर्टिफिकेटला किती वजन असतं? आणि व्हिसाचं गणित कसं जमवायचं?

प्रतिसाद १
ताई, मी एका कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक्स विभागात काम करतो. माझं स्पष्ट मत ग्रॅज्युएट असिस्टंटच्या बाजूने. क्लबमध्ये फोरहँड शिकवायला मिळेल, पण कॉलेज कोचचा निम्मा दिवस रिक्रूटिंग (टीमसाठी नवे खेळाडू शोधणं), बजेट, प्रवासाची बुकिंग आणि एनसीएएच्या (कॉलेज स्पोर्ट्स चालवणाऱ्या संस्थेच्या) नियमांत जातो. मुलाखतीत पहिला प्रश्न हाच असतो: खेळाडू कुठून आणणार? भारतातल्या ज्युनिअर्सना आणि त्यांच्या पालकांना ओळखणं ही तिची खरी जमेची बाजू आहे. सर्टिफिकेट असावं, उन्हाळी कॅम्पला उपयोगी पडतं, पण त्यावर नोकरी मिळत नाही. पूर्वी बिनपगारी व्हॉलंटिअर कोच म्हणून शिरकाव व्हायचा. डिव्हिजन वनने (सर्वात वरच्या श्रेणीने) २०२३ मध्ये ते पदच काढलं, त्यामुळे आता मास्टर्सची वाट जास्त सोयीची.

व्हिसाचं म्हणाल तर पदवीनंतर ओपीटी (स्टुडंट व्हिसावरच काम करायची परवानगी) १२ महिने, तेही विषयाशी संबंधित कामावर. किनेसिऑलॉजीला कोचिंग जुळतं. मास्टर्स केलं की त्या पातळीवर पुन्हा १२ महिने मिळतात. पुढे एच-१बीसाठी (नोकरीच्या व्हिसासाठी) विद्यापीठांना लॉटरीतून जावं लागत नाही, हा मोठा फायदा. अडचण एकच: पदाला ठरावीक विषयाची पदवी लागते हे दाखवावं लागतं, आणि कोचच्या जाहिरातीत अनेकदा ‘कोणतीही पदवी’ असं लिहिलेलं असतं. इंटरनॅशनल ऑफिसशी आत्ताच बोलून घ्या.

धागाकर्ती
मनापासून आभार. बाबांनाही वाचायला दिलं. एकच विचारते: एफ-१वर (स्टुडंट व्हिसावर) कॅम्पसमध्ये सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. मग टीमबरोबर परगावी मॅचला गेलं की ते तास कसे धरतात? आणि रिक्रूटिंगचं काम तिच्याकडे असेल, हे ऑफर लेटरमध्ये लिहून मागितलं तर चालतं का?