मे महिन्यात विदर्भातलं जंगल बघायचंय, ताडोबा सोडून कुठे जाऊ?

भटक्या_पुणेकर:
नमस्कार मंडळी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आई (वय ६८) आणि दोन मुलांना घेऊन विदर्भात यायचा विचार आहे. ताडोबा कोअरचं (आतल्या मुख्य जंगलाचं) बुकिंग बघितलं तर सगळं फुल. आता कोणी पेंच म्हणतं, कोणी मेळघाट, कोणी नागझिरा, आणि एकाच जंगलाला कुठे राष्ट्रीय उद्यान लिहिलेलं असतं कुठे अभयारण्य कुठे व्याघ्र प्रकल्प, त्यामुळे अजूनच गोंधळ. वाघ दिसला तर उत्तमच पण नाही दिसला तरी मुलं वैतागू नयेत एवढंच.

सातपुड्याचा_पोऱ्या:
आधी गोंधळ सोडवू. राष्ट्रीय उद्यानात नियम सगळ्यात कडक, गुरंसुद्धा चारता येत नाहीत, अभयारण्यात परवानगीने थोडीफार मोकळीक असते. व्याघ्र प्रकल्प म्हणजे ह्या दोन्हींना एकत्र करून वर ओढलेली चादर. ताडोबाचंच बघा, १९५५ चं राष्ट्रीय उद्यान (राज्यातलं सगळ्यात जुनं) आणि १९८६ चं अंधारी अभयारण्य मिळून कोअर, भोवती बफर, त्यात गावं आणि शेती पण आली. पर्यटक म्हणून तुम्हाला फरक पडतो तो कोअर की बफर एवढाच. आणि बफरला कमी समजू नका, आगरझरी, देवाडा, जुनोना ह्या गेटांवर वाघ दिसतात की. कोअर फुल झालं म्हणून ताडोबावर काट कशाला मारताय?

नागपुरी_संत्रा:
भाऊ मे मध्ये येऊन राहिले ना, मंग पाणवठ्यावर जनावर दिसते हे खरं, पण ऊन ४५ च्या वर जाते आणि जिप्सी उघडी राहते, आईंना दुपारच्या सफारीत बसवू नका, सकाळचीच घ्या. ओला दुपट्टा, कांदा, पाणी सोबत पाहिजेच. माझं मत विचाराल तर पेंच. नागपूरहून जवळ, सिल्लारी नाहीतर खुर्सापार गेट घ्या. आणि रात्री मुलांना आकाश दाखवा, २०२४ मध्ये आपलं पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (म्हणजे तारे दिसावे म्हणून रात्रीचा उजेड कमी ठेवलेली जागा) झालं, वाघोडा, सिल्लारी ह्या गावातले रस्त्यावरचे दिवे त्यासाठी बदलले. वाघ नाही दिसला तरी तारे कुठे जाऊन नाही राहिले.

मोहफूल:
मी नागझिऱ्याच्या पार्टीतली, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच सांगते. १९७० चं अभयारण्य, २०१३ मध्ये नवेगावसोबत जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ ताडोबाइतके सहज दिसत नाहीत हे मान्य, पण रानकुत्र्यांची टोळी शिकारीला निघालेली बघितली ना की मुलं वाघाचं नाव काढणार नाहीत. गवे, अस्वलं, तलावाकाठी पक्षी, आणि गाड्यांची गर्दी फारशी नाही. एका वाघामागे गाड्यांची रांग लावून ड्रायव्हरवर ओरडणारे पर्यटक बघितले की मला तर सफारीच नको वाटते. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियाला येते, रात्री आई आरामात झोपून येतील.

सातपुड्याचा_पोऱ्या:
@मोहफूल नागझिरा छानच, वाद नाही. मेळघाट मात्र ह्या वेळी नको. मला स्वतःला तेच सगळ्यात आवडतं, डोंगर, सिपना नदी, कोरकू आदिवासींची गावं, रानपिंगळा (दुर्मिळ घुबड). पण जंगल अफाट आहे, जनावर लांब, घाटाची वळणं, लहान मुलं उलट्या करून बेजार होतात. ते पावसाळा संपल्यावर या, चिखलदरा पण होईल.

भटक्या_पुणेकर:
खूप आभार सगळ्यांचे! आईला विचारलं तर ती म्हणाली रेल्वे असेल तर नागझिराच. दोन रात्री तिथे आणि परतताना नागपूरला उतरून एक दिवस पेंच, जमेल का? गेट कोणतं घेऊ?

मोहफूल:
जमेल. साकोलीकडे राहणार असाल तर पिटेझरी, तिरोड्याकडे राहणार असाल तर चोरखमारा. गोंदियाहून तिरोडा सोयीचं.

नागपुरी_संत्रा:
आधी गेट बुक करा मंग हॉटेल, उलटं करू नका. लोकं एका गेटची सफारी घेतात आन मुक्काम दुसऱ्याच टोकाला, मंग पहाटे ४ ला उठून गाडी पळवत बसतात. जंगलाच्या साप्ताहिक सुट्टीचा वार पण पाहून घ्या, ओरिजनल आधार कार्ड सोबत ठेवा.