घारापुरीची सहल: लेणी पाहून लगेच परत नको

ए-२०१: नमस्कार सोसायटीतली मंडळी. २६ जानेवारीला झेंडावंदन आटोपलं की एलिफंटाला जाऊ या का? सोमवारची सुट्टी आहे. लेणी बघून चारपर्यंत गेटवेला परत. किती जण ते कळवा.

सी-५०२: आम्ही चौघे 👍

ए-१०४: पायऱ्या किती आहेत हो? माझ्या गुडघ्यांचं तुम्हाला माहीतच आहे.

बी-४०३: दादा, लेणी सोमवारी बंद असतात. २६ ला गेलो तर सगळ्यांचा हिरमोड होईल. आदल्या दिवशी, रविवारी जाऊ या.

ए-२०१: अरे बापरे, बरं झालं सांगितलंस. पण रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो.

बी-४०३: ब्लॉक सुरू व्हायच्या आत ठाण्याहून निघू. सकाळची पहिली-दुसरी लाँच मिळाली तर गर्दीही कमी असते.

बी-४०३: आणि एक मनापासून विनंती आहे. थोडं लांबलचक लिहितेय, पण वाचा.

माझी मावशी शेतबंदरला दिलेली आहे. घारापुरी म्हणजे नुसती लेणी नाहीत. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्यांचं ते गाव आहे. त्याची स्वतःची ग्रामपंचायत आहे, तालुका उरण, जिल्हा रायगड. आपण मुंबईतून लाँचने जातो म्हणून ते मुंबईचंच वाटतं. लोक येतात, लेणी बघतात, माकडांचे फोटो काढतात आणि परत लाँचमध्ये बसतात. गावाकडे कुणी वळतच नाही, याचं मला लहानपणापासून वाईट वाटत आलंय.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण गेटवेहून तासाभराच्या या बेटावर कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकली तेव्हा. त्याआधी संध्याकाळी तीन-चार तास जनरेटर चालायचा. तो बंद पडायच्या आत मावशीची जेवणं उरकलेली असायची, भांडी घासून पालथी घातलेली असायची. आम्ही मुलं ओट्यावर झोपायचो. समोर पाण्यापलीकडे अख्खी मुंबई लखलखत असायची आणि आमच्या उशाशी कंदील. वीज आल्यावर मावशीने आधी फ्रीज घेतला. मासळी आणि बर्फ यांची रोजची ओढाताण संपली म्हणाली. आजही कुणी पाहुणं आलं की आधी फ्रीज उघडून थंडगार कोकम सरबताचा पेला हातात देते, मग "कसं आहेस बाला" विचारते.

ए-१०४: किती छान लिहिलंस गं. पण पायऱ्या?

बी-४०३: काकू, सव्वाशेच्या आसपास आहेत. दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्र्या, त्यामुळे ऊन लागत नाही. सावकाश चढू, मी तुमच्याबरोबर थांबते. अगदीच नाही जमलं तर खुर्चीला बांबू लावलेली डोली मिळते, गावातलीच माणसं उचलतात. भाव आधी ठरवायचा.

डी-३०१: लाँच सुरक्षित आहे ना? २०२४ च्या डिसेंबरमध्ये नौदलाची स्पीडबोट धडकली होती त्या मार्गावरच्या बोटीला. आमच्याकडे दोन लहान मुलं आहेत.

बी-४०३: ताई, भीती वाटणारच. त्या दिवशी मलाही मावशीला फोन लागेपर्यंत चैन नव्हतं. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालंय. बसल्याबरोबर मागून घ्यायचं, मुलांना आपल्या हाताने बांधायचं आणि गुदमरतंय म्हणून मध्येच कुणी काढायचं नाही. लाँच खचाखच भरलेली दिसली तर आपण पुढच्या लाँचने जाऊ. मी स्वतः चढणार नाही.

सी-५०२: मुलांना दाखवण्यासारखं काय काय आहे?

बी-४०३: जाताना डावीकडे तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, पुढे न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन. हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचच्या मागे येतात. त्यांना वेफर्स, गाठ्या टाकू नका प्लीज, त्यांचं ते खाणं नाही. वर टेकडीवर जुन्या तोफा आहेत, मुलांना तिथून हलवणं कठीण जातं.

आणि मोठ्या लेण्यात शिरल्याबरोबर मोबाईल काढू नका. बाहेरच्या उजेडातून गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. डोळे सरावले की समोरच्या भिंतीतून तो जवळजवळ वीस फुटी चेहरा हळूहळू पुढे येतो. सगळे त्रिमूर्ती म्हणतात, पण ते ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हेत, तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. आपल्या डाव्या हाताला मिशा असलेला उग्र अघोर, उजव्या हाताला कमळ घेतलेला कोमल वामदेव आणि मधला मिटल्या डोळ्यांचा शांत. त्या मधल्या चेहऱ्याचा खालचा ओठ बघा. दगड आहे हे विसरायला होतं.

डी-३०१: आणि हत्ती कुठे आहे? मुलगा विचारतोय 😊

बी-४०३: ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव ठेवलं, तो आता राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. तिकडे एक रविवार वेगळा काढू. गावातली माणसं मात्र एलिफंटा म्हणत नाहीत, घारापुरीच म्हणतात. आपणही तेच म्हणू या.

ए-२०१: ठरलं. रविवार २५. जेवणाचं कसं करायचं? डबे की तिथली हॉटेलं?

बी-४०३: मावशीशी आत्ताच बोलले. वीस जणांपर्यंत घरी जेवायला घालते म्हणाली. तांदळाच्या भाकऱ्या, मासळीचं कालवण, भात. शाकाहारी मंडळींना वालाचं बिरडं. फुकट अजिबात नको, ताटामागे किती द्यायचे ते मी तिच्याकडून ठरवून घेते. पाणी आपापलं न्या, रिकाम्या बाटल्या परत आणा. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, म्हणून संध्याकाळी साडेपाचच्या शेवटच्या लाँचची वाट न बघता चारला धक्क्यावर यायचं.

ए-१०४: माझं नाव लिही. मी डोलीत बसणार नाही, चढणार आहे.

बी-४०३: लिहिलं काकू. बाकीच्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत फ्लॅट नंबर, किती जण आणि मासे की बिरडं एवढं टाका. मावशीला शनिवारी पहाटे बाजाराला सांगावं लागेल.

सी-५०२: चार. तीन मासे, एक बिरडं.

डी-३०१: आम्ही पण चार. सगळे मासे.