मुलांना डोंगरात नेलं तर वाट त्यांनाच शोधू द्यावी का?

सोंडेवरून:
गेली नऊ वर्षं मी १२ ते १६ वयाच्या मुलांना सह्याद्रीत घेऊन जातोय आणि दिवसेंदिवस एक गोष्ट खूप खटकायला लागलीय. पन्नास-साठ मुलांची रांग, पुढे लीडर, मागे स्वीप (सगळ्यात शेवटी चालणारा), मधली पोरं समोरच्याच्या सॅककडे बघत चालतात आणि घरी आल्यावर विचारलं की गडावर कुठल्या बाजूने चढलात, तर एकालाही सांगता येत नाही. ह्याला मी ट्रेक म्हणत नाही. माझं मत असं की बारा मुलांपेक्षा मोठा गट नेऊच नये आणि वाट मुलांनीच शोधावी, लीडरने गप्प मागून चालावं, चुकली तरी.

मागच्या डिसेंबरात राजगडला गेलो होतो. बालेकिल्ल्यावर तेरा वर्षांची एक मुलगी होकायंत्र घेऊन उभी होती, सुई सारखी हलत होती, ती वैतागली. मी काहीच बोललो नाही. तिने स्वतःच बघितलं की दुसऱ्या हातात मोबाईल आहे, तो सॅकमध्ये टाकला, लोखंडी रेलिंगपासून चार पावलं लांब गेली आणि परत धरलं. सिंहगडावरचा टॉवर साधारण ३० अंशांवर आला, तोरणा ३०० च्या आसपास. मग नकाशावर बरोबर विरुद्ध दिशेची, म्हणजे सिंहगडावरून २१० ची आणि तोरण्यावरून १२० ची उलटी रेघ ओढली, दोन्ही रेघा राजगडावर येऊन मिळाल्या. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आपण खरंच इथे आहोत." हे मी तासभर फळ्यावर शिकवलं असतं तरी असं कळलं नसतं.

कोकणकडा_०७:
राजगडचं ठीक आहे हो, तिथे मळलेली वाट, बाण, रविवारी माणसंच माणसं. पण "चुकली तरी" ह्या दोन शब्दांना माझा ठाम विरोध आहे.
मी चौदा वर्षांचा असताना अशाच एका ग्रुपबरोबर घाटवाट उतरत होतो (नाव घेत नाही, आता तो ग्रुपही नाही). लीडर म्हणाला तुम्ही ठरवा, आम्ही ठरवलं, नाल्याने खाली गेलं की गाव येणारच. पाणी खाली जातं म्हणजे वाटही जाते असं वाटलं होतं. नाला पुढे जाऊन सरळ कड्यावर संपला, सहा वाजले, धुकं आलं, मागे चढायला शेवाळलेला दगड. रात्री नऊला खालच्या वाडीतली माणसं दोर घेऊन आली म्हणून आज हे लिहितोय. आपला डोंगर बेसॉल्टच्या आडव्या थरांचा आहे, सपाटी मग कडा, परत सपाटी मग कडा, आणि १:५०,००० च्या टोपोशीटवर (उंचसखलपणा दाखवणारा नकाशा) कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, २० मीटरने असतात, पंधरा मीटरचा सरळसोट टप्पा त्यात दिसत पण नाही. मुलांना नकाशा देऊन तुम्ही त्यांना खोटी खात्री देताय.

आई_आणि_ट्रेकर:
मला दोघांचं पटतंय पण माझा प्रश्न साधा आहे, मुलं माझी आहेत. सोंडेवरून दादा, मी फॉर्म भरून देते तेव्हा त्यावर "मुलं वाट शोधणार" असं लिहिलेलं असतं का? मला आधी सांगा, मग मी पाठवेन की नाही ते ठरवते. न सांगता असे प्रयोग नकोत.

घाटपायथा:
मी डोंगराखालच्या गावचा, लोकांना वाट दाखवायला जातो. नकाशा वाईट नाही पण पावसानंतर कारवी डोक्याच्या वर जाते तेव्हा नकाशातली वाट पायाखाली असून दिसत नाही. आम्ही शेण बघतो, किती जुनं आहे ते बघतो. ढोरवाटेवर शेण जास्त, माणसाचा पाय कमी, आणि ती चरणीला नाहीतर पाण्याला जाऊन संपते. गावाला जाणाऱ्या वाटेवर दगड झिजलेला असतो, चढावर पायऱ्यासारखा. मुलांना हे शिकवा की, आणि गावातल्या एकाला दिवसाची हजेरी (मजुरी) देऊन बरोबर घ्या, दोन्ही कामं होतात.

टोपोशीट:
ॲप आहेत, ऑफलाइन नकाशा आहे, आधी कुणीतरी चालून नोंदवलेला ट्रॅक टाका आणि चाला, एवढा खटाटोप कशाला? आपल्याकडे खरी उत्तर दिशा आणि होकायंत्राची चुंबकीय उत्तर दिशा ह्यात फरकही अगदी किरकोळ आहे, मोबाईलवर सगळं बरोबर दिसतं.

सोंडेवरून:
@टोपोशीट, फरक किरकोळ आहे म्हणूनच तर मुलांना होकायंत्र शिकवणं आपल्याकडे सोपं आहे. ट्रॅक हा दुसऱ्या कुणाच्या तरी पावलांचा असतो, त्याच्यावर चालणाऱ्या मुलाची नजर स्क्रीनवरच राहते, बॅटरी संपली की ते जिथे आहे तिथे उभं.

@कोकणकडा, तुमचं वाचून थांबलो, दोनदा वाचलं. माझं "चुकली तरी" अर्धवट होतं, चूक माझी. मी ज्या जागी चुकू देतो तिथे मी आधी स्वतः जाऊन आलेलो असतो आणि ती चूक कुठे संपते ते मला माहीत असतं. पठारावर, सोंडेवर (डोंगराच्या उतरत्या धारेवर), दुपारी दोनच्या आत. एकदा मुलं ढोरवाटेने गेली, दहा मिनिटांनी एकजण म्हणाला, "नकाशात सोंड डावीकडे पाहिजे, इथे उजवीकडे गेली," आणि सगळे आपणहून मागे फिरले. नाला, नळी (कड्यातली अरुंद घळ), उतरायची घाटवाट ह्या ठिकाणी मात्र मी पुढे, तिथे मतदान नाही. आणि पहिला नियम तोच सांगतो, हरवलात तर पाण्यामागे खाली जायचं नाही, शेवटची ओळखीची जागा आठवा आणि तिथे परत या.

कोकणकडा_०७:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. तरी मुद्दा राहतोच, नऊ वर्षं फिरलेल्या माणसाला चूक कुठे संपते ते कळतं, धागा वाचून पुढच्या शनिवारी वीस पोरं घेऊन निघणाऱ्याला नाही. आणि वेळेचं काय? स्कॉटलंडच्या नेस्मिथ ह्या गिर्यारोहकाने १८९२ साली चालायच्या वेळेचा हिशोब दिला, तासाला ५ किमी आणि वर ६०० मीटर चढाला एक तास. मार्चच्या उन्हात मुलांबरोबर तो धरून चालाल तर अंधारातच उतराल.

सोंडेवरून:
मी त्याच्या दीडपट धरतो, आणि मुलं जर वाट शोधत असतील तर दुप्पट. पाणी माणशी तीन लिटर. आई_आणि_ट्रेकर ताई, तुमचं बरोबर आहे, आजवर फॉर्मवर लिहिलं नव्हतं. जानेवारीच्या ट्रेकच्या फॉर्मवर लिहितोय, कुठल्या टप्प्यावर मुलं पुढे आणि कुठे मी पुढे, नकाशावर दोन रंगांत. @घाटपायथा, तुम्ही बरोबर याल का? शेण आणि झिजलेला दगड तुम्हीच शिकवा.

घाटपायथा:
येतो. बाराच्या वर पोरं नकोत, आणि सहाला निघायचं, साडेसातला नाही.