मदत हवी आहे: घर विकायचंय, दर्शनी भागाला किती खर्च करू?

नमस्कार मंडळी, आमचं नाशिकच्या सिडकोतलं जुनं रो हाऊस विकायला काढलंय. आत सगळं ठीकठाक आहे हो, पण बाहेरून बघितलं की माणूस गेटवरच भाव पाडायला लागतो. परवा एक काका आले, बेल वाजेना म्हणून कडी वाजवली आणि पहिलंच वाक्य काय तर "घर बंदच असतं का?" आम्ही इथेच राहतो!

तर गेट खालून गंजलंय, वेल्डरला बोलावून खालची पट्टी बदलून मग घासून गंज रोखणारा रेड ऑक्साईड प्रायमर आणि वर ऑइलपेंट, एवढं नक्की करतोय. खरा घोळ दरवाजाचा. सागवानी आहे, वडिलांनी १९९४ ला करून घेतलेला, पण पश्चिमेकडे तोंड असल्यामुळे दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही खाऊन खालचा भाग पांढरट पडलाय. सुतार म्हणतो पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करा, मेलामाईन पॉलिश उन्हात टिकत नाही. पेंटर म्हणतो कशाला, विकायचंच आहे ना, सरळ रंग मारा. सागावर रंग मारायला माझं मन होत नाही, आई तर ऐकूनच चिडली.

पायऱ्यांची शहाबादी पण दोन ठिकाणी फुटलीय, तेवढीच बदलू का सगळीकडे ग्रॅनाईट टाकू? एजंट म्हणतो २०२७ च्या कुंभमेळ्यामुळे गिऱ्हाईक आहे, काही करू नका. त्याचं काय जातंय.

ज्यांनी इतक्यात घर विकलंय त्यांनी प्लीज सांगा, पॉलिशचा खर्च वसूल होतो का? आणि तुळशीवृंदावन तिथेच ठेवायचं की सोबत न्यायचं?