अथेन्सजवळचं एकच प्राचीन ग्रीक देवस्थान बघायचं तर कुठलं?

रानजाई: ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन अथेन्सला जातेय. जुने ग्रीक लोक देवाला कसे भजायचे ते कळेल अशी एक जागा सुचवा. एक दिवस, दोघींचे मिळून 50 युरो, गाडी नाही. आईचे गुडघे दुखतात.

घाटवाट: डेल्फी! आम्ही खास टॅक्सी केली, पैसे वसूल. अपोलो देवाच्या देवळात पिथिया नावाची पुजारीण कौल द्यायची. आधी बकरीवर गार पाणी शिंपडायचे, ती थरथरली तरच देव राजी.

मंजिरी_प: डेल्फीच. पण टूर नको. आमच्या टूरवाल्याने देवळाला अर्धा तास दिला आणि दुकानात तासभर बसवलं. अजून राग जात नाही.

मधुकाका: गुडघे दुखतात म्हणाल्यात ना त्या? डेल्फी डोंगरउतारावर आहे, सगळा चढ. आणि कुठेही गेलात तरी देवळासमोरची वेदी शोधा. देऊळ म्हणजे मूर्तीचं घर, पूजा बाहेर उघड्यावर. चरबी नि हाडं जाळून धूर देवाला, मांस माणसांना.

घाटवाट: काका, नेहमी तसं नव्हतं. काही विधींत अख्खा प्राणी जाळायचे.

मधुकाका: मी नेहमीच्या यज्ञाचं सांगतोय. प्रोमिथ्यूसने देवांचा राजा झ्यूसला चरबीत गुंडाळलेली हाडं देऊन फसवलं ती गोष्ट त्याचीच.

निशिगंध: एपिडॉरस! गाडी भाड्याने घ्याच. अस्क्लेपिओस या वैद्यदेवाच्या आवारात आजारी माणसं झोपायची, देव स्वप्नात येऊन बरं करायचा. बरे झालेल्यांच्या हकिकती शिळांवर कोरल्यात. एलेफ्सिनाला (जुनं एल्युसिस) मात्र जाऊ नका, नुसते चौथरे आणि भोवती कारखाने.

मंजिरी_प: एलेफ्सिना नकोच. डेल्फी.

रानजाई: सगळ्यांचे आभार. एलेफ्सिना ठरलं. अथेन्सपासून वीसेक किलोमीटर, साधी बस जाते. पाताळाचा देव हेडीसने पर्सेफोनीला पळवल्यावर तिची आई, धान्यदेवी डिमीटर, मुलीला शोधत तिथे आली आणि विहिरीपाशी बसून राहिली. हे ऐकल्यावर आई दुसरीकडे यायला तयार नाही.

मधुकाका: उत्तम! कॅलिकोरॉन विहीर प्रवेशाजवळच आहे, हेडीसची गुहाही फार आत नाही. आई तिथे बसल्या की तुम्ही वर टेलेस्टेरिऑन हा मोठा मंडप बघून या. डिमीटरच्या गुप्त विधींची दीक्षा तिथे व्हायची; आत काय पाहिलं ते बोलायला सक्त मनाई. उपासानंतर जवाचं पीठ नि पुदिन्याच्या जातीचा पाला घातलेलं पाणी प्यायचे. जमलं तर आदल्या दिवशी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जा. मायलेकींचं एल्युसिसचं मोठं शिल्प तिथे आहे.

घाटवाट: पुढच्या वेळी तरी डेल्फी करा.